ऐंशी नंबरचं दार

(टी. ई. कॉम्प्युटर, मुलींचं वसतिगृह)

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघणार. मराठी विभागाच्या सरांनी त्या दुरुस्त केल्या असतील अशी आशा आहे! खरं तर हा लेख मी इंग्रजी विभागासाठी लिहायला घेतला होता. पण ज्यांना माझ्यामुळे सगळ्यात जास्त त्रास झाला ते तिघं, म्हणजे रेक्टर मॅडम, मेसचे काका आणि गेटवरचे वॉचमन काका, आपल्या मासिकाची फक्त मराठी पानं वाचतात. त्यामुळे विचार बदलला. हा लेख म्हणजे अर्धी माहिती आणि अर्धी माफी आहे असं समजा.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांना २५ ऑगस्ट २०२५ ची संध्याकाळ नक्की आठवत असेल. सोमवार होता. बुधवारी गणपती. निम्म्या हॉस्टेलच्या बॅगा भरून तयार, आणि सगळ्याजणी एकाच वेळी लीव्ह फॉर्म भरायला बसलेल्या. फॉर्म भरल्याशिवाय गेट पास नाही, आणि गेट पासशिवाय वॉचमन काका गेट उघडत नाहीत. साइट उघडली तर समोर एकच पान : "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही". एरवी अशा पानावर खाली कुठेतरी "तरीही पुढे जा" असं बारीक अक्षरात असतं. त्या दिवशी तेही नव्हतं. पाच मिनिटांत सगळ्या मजल्यांवर बातमी पसरली की साइट हॅक झाली.

मैत्रिणींनो, साइट कोणीही हॅक केली नव्हती. ती मीच बंद केली होती. सात आठवड्यांपूर्वी, सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी, आणि मोठ्या अभिमानाने! ते कसं, हे कळायला आधी थोडं बेसिक सांगावं लागेल. कॉम्प्युटरवाल्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील.

सर्व्हर म्हणजे एक इमारत समजा. तिला दारंच दारं आहेत, साठ हजारांहून जास्त, आणि प्रत्येक दाराला नंबर. या दारांना पोर्ट म्हणतात. वेबसाइट बघायला त्यातली दोनच लागतात : ८० नंबरचं आणि ४४३ नंबरचं. ८० वर साधं एचटीटीपी चालतं, ४४३ वर एचटीटीपीएस. शेवटच्या त्या एका 'एस'चा फरक काय? तर ८० म्हणजे पोस्टकार्ड आणि ४४३ म्हणजे चिकटवलेलं पाकीट. पोस्टकार्ड पोचतं नीटच, पण वाटेत ज्याच्या ज्याच्या हातात येतं तो ते वाचू शकतो. फोनमधून निघालेली माहिती आधी कॉरिडॉरमधल्या वाय-फायच्या डबीत जाते, तिथून स्विचमध्ये, तिथून कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये, तिथून पुढे. घरून फॉर्म भरला तर वाटेत आणखी दोन-चार कंपन्या. ८० च्या दाराने गेलेलं पोस्टकार्ड या सगळ्यांना वाचता येतं. आणि नुसतं वाचता येतं असं नाही, वाटेत खोडून दुसरं काही लिहितासुद्धा येतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या हॉस्टेलच्या साइटवर असं काय गुपित आहे? आज वांग्याची भाजी आहे हे कोणी वाचलं तर वाचू दे! मलाही आधी असंच वाटायचं. पण लीव्ह फॉर्ममध्ये काय काय असतं ते आठवून बघा. नाव, रूम नंबर, आई-वडिलांचा मोबाईल, गावाचा पत्ता, किती वाजता निघणार, कशाने जाणार, कधी परतणार. कोणती मुलगी रात्री साडेदहाच्या गाडीने एकटी जाणार आहे, ही माहिती पोस्टकार्डावर लिहून पाठवायची का? मुलींच्या हॉस्टेलला तरी हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलला वायरशार्क नावाचं सॉफ्टवेअर शिकवतात. कॉम्प्युटरमधून जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट ते उघडून दाखवतं. मी हॉस्टेलच्या वेब टीममध्ये नुकतीच गेले होते, तर म्हटलं आपल्याच साइटवर करून बघू. माझ्या लॅपटॉपचा हॉटस्पॉट चालू केला आणि रूम पार्टनरला म्हटलं, "तुझा फोन याला जोड आणि साइटवर लॉग इन कर." (दुसऱ्याच्या नेटवर्कवर त्याला न विचारता हे करणं गुन्हा आहे. आम्ही माझ्या लॅपटॉपवर, तिच्या परवानगीने केलं.) नव्या क्रोममध्ये हे सहज दिसत नाही, कारण तो स्वतःहून आधी ४४३ चं दार वाजवून बघतो. तिचा फोन जुना होता आणि तिने पत्ता सेव्ह केला होता तोही जुनाच, बिन-एसचा.

तिने लॉग इन केलं आणि माझ्या स्क्रीनवर तिचा नंबर आणि पासवर्ड सरळ सरळ आला. कुठलंही हॅकिंग नाही, कोडं सोडवणं नाही. मराठी पेपर वाचावा तसा वाचता आला. पासवर्डमध्ये तिच्या आजीचं घरातलं नाव होतं. आम्ही दोघी आधी हसलो. मग ती म्हणाली, "अगं, माझ्या मेलचा पण हाच आहे." मग कोणीच हसलं नाही.

सर्व्हरवर दोन्ही दारं उघडी होती आणि दोन्हीकडून तीच साइट मिळत होती. जो ज्या दाराने येईल तो त्या दाराने आत. असं का ठेवलं असेल? तर सवय. इंटरनेटची घडणच तशी झाली. वेब जन्मलं स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ च्या सुमारास ते उभं केलं ते शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. तिथे लपवायचं काय होतं? पुढे वेबवर पैशांचे व्यवहार सुरू होणार असं दिसल्यावर नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये एसएसएल आणलं, आणि १९९९ मध्ये त्याचंच सुधारलेलं रूप टीएलएस या नावाने प्रमाण झालं. आज एचटीटीपीएसच्या आत तेच असतं. पण अनेक वर्षं ते बँका आणि दुकानांपुरतंच राहिलं, कारण त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागायचं आणि बसवायची कटकट वेगळी. बाकीच्या साइट्स फार तर पासवर्डचं पान तेवढं पाकिटात घालायच्या आणि उरलेलं सगळं पोस्टकार्डावर.

यात काय चूक आहे ते ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रॅमरने सगळ्या जगाला दाखवलं. त्याने फायरशीप नावाचं एक छोटं एक्स्टेन्शन फुकट वाटलं. ते फायरफॉक्समध्ये टाकायचं, कॅफेच्या मोकळ्या वाय-फायवर बसायचं, आणि आजूबाजूला जे कोणी फेसबुक वगैरे उघडून बसले असतील त्यांची नावं फोटोसकट यादीत येत. नावावर क्लिक केलं की त्याच्या अकाउंटमध्ये तुम्ही! पासवर्ड न चोरता. हे कसं शक्य झालं? मेसच्या कूपनचं उदाहरण घ्या. महिन्याच्या सुरुवातीला ओळखपत्र दाखवून, पैसे भरून आपण कूपन घेतो. मग रोज ओळखपत्र कोणी विचारत नाही, कूपन दाखवलं की ताट. वेबसाइट लॉग इन नंतर असंच एक कूपन देते, त्याला कुकी म्हणतात. प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर ती दाखवतो. पासवर्ड पाकिटात गेला पण कूपन पोस्टकार्डावर लावून पाठवलं, तर वाटेतल्या माणसाला कूपन पुरतं. जीमेलने जानेवारी २०१० मध्येच सगळं एचटीटीपीएसवर नेलं होतं. फेसबुकने २०११ मध्ये ती सोय दिली आणि २०१३ मध्ये सगळ्यांसाठी लागू केली. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने सर्टिफिकेट सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली, आणि पैशाची सबब संपली. जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक बिन-एसच्या साइटला "सुरक्षित नाही" असं लेबल लावू लागला.

असो. आपल्या साइटकडे येते. माझ्याआधीच्या सीनियर्सनी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट घेऊन ४४३ चं दार उघडलेलं होतं, पण ८० चं बंद करायचं राहिलं होतं. मी पहिल्यांदा केलं ते सगळेच करतात ते, म्हणजे रीडायरेक्ट. ८० वर जो येईल त्याला एवढंच सांगायचं, "ही खिडकी बंद आहे, ४४३ वर जा." आम्ही परत वायरशार्क लावला. या वेळी पासवर्ड दिसला नाही. मी खूश! पण रूम पार्टनरने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "मग हे काय आहे?" ती तिची कुकी होती. मेसचं कूपन!

मला हे कळायला अख्खी रात्र गेली, म्हणून जरा नीट सांगते. रीडायरेक्ट हे उत्तर आहे, आणि उत्तर मिळायला आधी प्रश्न विचारावा लागतो. ब्राउझर ८० नंबरच्या खिडकीशी येतो, मोठ्याने म्हणतो, "मी अमुक, हे माझं कूपन, मला लीव्ह फॉर्मचं पान हवंय." खिडकीतला माणूस म्हणतो, "पलीकडे जा." तो जातो. पण ओरडून जे सांगायचं ते आधीच सांगून झालेलं असतं! रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलेलं असतं. म्हणजे रीडायरेक्टने पुढचा प्रवास सुरक्षित होतो, पहिलं वाक्य मात्र उघड्यावरच जातं.

माणसांच्या बाबतीत यावर इलाज आहे (तो पुढे सांगते), पण यंत्रांच्या बाबतीत हे जास्त वाईट असतं. एक प्रोग्रॅम दुसऱ्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा पहिल्याच वाक्यात आपली गुप्त किल्ली सांगतो. पत्त्यात 'एस' टाकायचा राहिला तर रोज किल्ली उघड्यावर जाते, रीडायरेक्टमुळे काम मात्र बिनबोभाट होत राहतं, आणि चूक कोणाला कळतच नाही. म्हणूनच मार्च २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीने जाहीर केलं की तिच्या एपीआयच्या पत्त्यावर साधं एचटीटीपी आता अजिबात चालणार नाही, रीडायरेक्टसुद्धा नाही, दारच बंद. दारच बंद असलं तर जोडणीच होत नाही, आणि जोडणी झाली नाही तर किल्ली बाहेर पडत नाही.

हे वाचून माझ्या अंगात आलं. एवढी मोठी कंपनी करते तर आपण का नाही? लॅबच्या सरांची परवानगी काढली, फायरवॉलमध्ये एक ओळ टाकली : डिनाय ८०. एंटर. दोन सेकंदांचं काम. शिवाय अंगातलं उतरलं नव्हतं म्हणून ब्राउझरसाठी एचएसटीएस नावाची सूचनाही लावली, एकदम एका वर्षाची. एचएसटीएस म्हणजे सर्व्हरने ब्राउझरला सांगायचं, "यापुढे इतके सेकंद माझ्याकडे फक्त ४४३ नेच ये, दुसऱ्या दाराकडे बघूसुद्धा नकोस." वर्षाचे सेकंद होतात ३,१५,३६,०००. मी ते तसेच टाकले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसच्या काकांचा फोन चालेना. काका रोज सकाळी साइटवर बघतात की आज किती मुली जेवायला आहेत, त्यावर भात किती टाकायचा ते ठरतं. त्यांचा फोन जुना, त्यात जुनाच पत्ता. मी दार 'डिनाय' केलं होतं, म्हणजे वाजवणाऱ्याला नकारही द्यायचा नाही, नुसतं गप्प बसायचं. त्यामुळे त्यांच्या फोनवर ते चक्र फिरतच राहिलं. काकांना वाटलं रिचार्ज संपला. त्यांनी रिचार्ज मारला! तरी चक्र फिरतंच. शेवटी अंदाजाने भात टाकला आणि तो उरला. (काका, त्या रिचार्जचे पैसे मी अजून द्यायचे आहेत, माझ्या लक्षात आहे.)

पण खरी मजा रात्री झाली. गेटवर अंगठ्याचं मशीन आहे, ते रात्री नऊपर्यंत कोण आत आलं ते सर्व्हरला कळवतं. ज्यांची नोंद नाही त्यांच्या घरी आपोआप एसएमएस जातो. ते मशीन फक्त साधं एचटीटीपी जाणतं. त्याचा रस्ता एका वेगळ्या फाइलमध्ये होता, दोन वर्षांपूर्वीच्या सीनियरने लिहिलेल्या, आणि ती फाइल मी उघडलीच नव्हती. मशीनने नऊ वाजता ८० चं दार वाजवलं, कोणी ओ दिली नाही. सर्व्हरच्या दृष्टीने त्या रात्री हॉस्टेलमध्ये एकही मुलगी परत आली नव्हती. सगळ्यांच्या घरी एसएमएस गेला : आपली पाल्य वसतिगृहात हजर नाही.

पुढचा अर्धा तास मी लिहू शकत नाही. रेक्टर मॅडमचे दोन्ही फोन एकाच वेळी वाजत होते. एका मुलीचे बाबा लातूरहून निघायच्या तयारीत होते. मी फायरवॉलमध्ये फक्त त्या मशीनच्या पत्त्यापुरतं ८० उघडलं, माफीचा एसएमएस पाठवला आणि मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. त्या ओरडल्या नाहीत, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "एखादं दार लावायचं असेल तर आधी त्यातून कोण ये-जा करतं ते बघायचं असतं ना गं?"

मला वाटलं धडा शिकून झाला. पण नाही!

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, आणि त्यालाही मुदत असते. आमचं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं होतं. हाताने काही करावं लागत नाही, सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम मुदतीच्या महिनाभर आधीपासून रोज दोनदा नवं सर्टिफिकेट मागतो. आता नवं देण्याआधी त्या संस्थेला खात्री करावी लागते की हा पत्ता खरंच आपला आहे. त्याची सगळ्यात रुळलेली पद्धत अशी : संस्था एक खुणेची चिठ्ठी देते, आपण ती आपल्या सर्व्हरवर ठेवायची, आणि संस्था बाहेरून येऊन बघते की चिठ्ठी आहे का. आणि ती येते कोणत्या दाराने? बरोबर ओळखलंत. ८० नंबरच्या.

म्हणजे जुलैच्या शेवटापासून सर्टबॉट रोज दोनदा विचारत होता, संस्था रोज दोनदा येत होती, आणि बंद दार बघून परत जात होती. महिन्याभरात साठेक वेळा! लॉगमध्ये प्रत्येक वेळची नोंद होती, फक्त ती वाचणारं कोणी नव्हतं. पूर्वी लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपत आली की मेल पाठवायचं, पण जून २०२५ मध्ये त्यांनी ती सोय बंद केली. २५ ऑगस्टला दुपारी मुदत संपली. आणि मी लावलेला एचएसटीएस असल्यामुळे ब्राउझरने "तरीही पुढे जा" हे बटणही काढून घेतलं. त्याचं बरोबरच होतं. मीच त्याला सांगितलं होतं ना, वर्षभर तडजोड करायची नाही म्हणून!

रूम पार्टनरची कुडाळची गाडी साडेसातची होती. साडेसहा वाजता ती बॅग घेऊन ऑफिसच्या दारात, मी लॅपटॉप घेऊन पायरीवर, आणि मागे जिन्यापर्यंत रांग. मॅडम म्हणाल्या, "अगं, साइट सुरक्षित केलीस म्हणालीस ना? मग पोरी आतच सुरक्षित राहणार का?" आणि कपाटातून जुनं लांबलचक रजिस्टर काढलं. एकेकीच्या घरी फोन करून, आई-वडिलांशी बोलून, स्वतः सही करून गेट पास दिले. रात्री साडेआठपर्यंत त्या उठल्या नाहीत. रूम पार्टनरला गाडी मिळाली. त्या रजिस्टरला एक्सपायरी डेट नव्हती!

बिघाड शोधायला मला दोन तास लागले, दुरुस्तीला दोन मिनिटं. ८० उघडलं, सर्टबॉट चालवला, झालं.

त्यानंतर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. सात दिवस ८० नंबरच्या दाराचा लॉग वाचला. कोण येतं, कशासाठी येतं. मग लॅबच्या सरांबरोबर बसून प्रत्येकाची वेगळी व्यवस्था केली. माणसांसाठी ८० उघडं आहे, पण तिथे फक्त "४४३ वर जा" ही पाटी आहे, साइटचं एकही पान त्या दाराने मिळत नाही. लेट्स एन्क्रिप्टसाठी तिथेच चिठ्ठीची एक जागा आहे. (चिठ्ठी डीएनएसमध्येही ठेवता येते, मग ८० लागतच नाही. पण आपल्या डीएनएसमध्ये काही बदलायचं तर अर्ज, एचओडींची सही आणि आठ दिवस!) लेट्स एन्क्रिप्टचा स्वतःचा सल्लाही हाच आहे की नेहमीच्या साइटने ८० उघडं ठेवून रीडायरेक्ट करावं. मग क्लाउडफ्लेअर चुकलं का? नाही. त्यांनी दार बंद केलं ते यंत्रांसाठीच्या पत्त्यावर. माणूस पाटी वाचून वळतो. यंत्राला पाटी दाखवली तर ते किल्ली ओरडतच राहतं. त्यामुळे आमच्याकडेही यंत्रांच्या रस्त्यावर ८० वरून आलेल्याला आता पाटी दाखवत नाही, सरळ नकार. आणि अंगठ्याच्या मशीनशेजारी एक रास्पबेरी पाय बसवला आहे. मशीन हातभर वायरने त्याला साध्या भाषेत सांगतं, आणि तो ते पाकिटात घालून ४४३ ने पाठवतो. मशीनची जुनी किल्ली इतके दिवस उघड्यावर फिरत होती, ती रद्द केली.

राहिला तो इलाज, माणसांच्या पहिल्या वाक्यावरचा. तो म्हणजे एचएसटीएसच. आणि तो दार बंद करण्यापेक्षा महत्त्वाचा आहे. का ते सांगते. समजा आपण आपल्या दुकानाचं शटर पाडलं. पण वाटेत कोणी आपल्याच नावाची पाटी लावून दुसरं दुकान थाटलं तर? गिऱ्हाईक तिथेच जाईल. मॉक्सी मार्लिनस्पाइक या संशोधकाने २००९ मध्ये एसएसएलस्ट्रिप नावाचं टूल दाखवलं ते असंच : वाटेत बसायचं, ब्राउझरशी ८० च्या भाषेत बोलायचं, सर्व्हरशी ४४३ च्या, आणि मधल्या मधे सगळं वाचायचं. आपल्या सर्व्हरवरचं दार उघडं की बंद याने इथे काही फरक पडत नाही, कारण ब्राउझर आपल्या दारापर्यंत येतच नाही. गिऱ्हाइकालाच आधी सांगून ठेवावं लागतं की माझं दुकान फक्त ४४३ वर आहे. तेच एचएसटीएस, जे नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रमाण झालं. त्यात अगदी पहिली भेट तेवढी उघडी राहते, कारण सूचना अजून मिळालेली नसते. आणि कुकीवर 'सिक्युअर' अशी खूण करायची, म्हणजे ब्राउझर ती ८० च्या दाराशी दाखवतच नाही. ही खूण मी पहिल्या रात्रीच केली असती तर अर्धं काम तिथेच झालं असतं.

प्रोजेक्टसाठी स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी थोडक्यात :

१. आधी लॉग वाचा. निदान आठवडाभर. ८० वर कोण येतं त्याची यादी करा.
२. कुकीला 'सिक्युअर' खूण करा.
३. माणसांसाठी रीडायरेक्ट. यंत्रांसाठी नकार, नाहीतर दारच बंद.
४. एचएसटीएस पाच मिनिटांपासून सुरू करा. मग एक आठवडा, मग एक महिना, सगळं नीट चाललं तरच वर्ष.
५. सर्टिफिकेट खरंच नवं होतंय ना ते बघा. मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये लिहा, आणि ती गणपती-दिवाळीच्या आसपास येत नाही ना तेही बघा!
६. बंद करणार ते आधी नोटीस बोर्डावर लावा. मेसच्या काकांपर्यंत पोचेल अशा भाषेत.

सहावा मुद्दा कोणत्याच पुस्तकात मला मिळाला नाही, पण तोच सगळ्यात महाग पडला. दार बंद करणं ही एका ओळीची कमांड आहे, ती आपल्यापैकी कोणालाही येते. त्या दाराने रोज कोण ये-जा करतं हे माहीत करून घेणं हे आठ दिवसांचं काम आहे, आणि इंजिनीअरिंग त्यालाच म्हणत असावेत असं मला आता वाटतं.

रूम पार्टनर गणपतीहून परत आली ती आजीने दिलेले लाडू घेऊन. आल्या आल्या तिने पासवर्ड बदलला. आता काय ठेवलाय ते तिने मला सांगितलेलं नाही, आणि वायरशार्कलाही दिसत नाही. मी बघितलं, तिला विचारूनच!